कार्डाचं कर्ज फेडताना साबण-शांपू-क्रीमचा खर्च कसा आवरावा

फेसवॉश आणि सीरममुळे सहसा कुणी कर्जबाजारी होत नाही. कर्ज होतं ते दवाखान्यामुळे, घरभाड्याच्या डिपॉझिटमुळे, बहिणीच्या लग्नामुळे, मध्येच गेलेल्या नोकरीमुळे. पण एकदा झालेलं कर्ज रेंगाळत ठेवण्यात या तीनशे-चारशेच्या बिलांचा हात चांगलाच मोठा असतो. कारण क्रेडिट कार्डाच्या एका नियमात आहे, म्हणून सुरुवात बाथरूमच्या फडताळापासून न करता तिथून करू.

पहिली पायरी: ही खरेदी कार्डावरून उतरवा

कार्डाचं बिल पूर्ण भरलं की खरेदीवर महिना-दीड महिना व्याज लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाकी पुढे ओढली की ही सवलत जाते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मागची बाकी उभी आहे तोवर नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे आज रात्री मागवलेल्या ३९९ रुपयांच्या फेसवॉशचं मीटर आजच सुरू.

दर किती? बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. समजा, पुण्यात आणखी दोघींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका मुलीच्या कार्डावर ६०,००० बाकी आहेत. महिन्याचं व्याज २,१०० आणि त्यावर जीएसटी ३७८, मिळून २,४७८ रुपये. तिने दर महिन्याला ३,००० भरले तर पहिल्या महिन्यात मुद्दलातून उतरले फक्त ५२२. पुढे एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही तरी या गतीने कर्ज फिटायला ४३ महिने लागतील. त्यातच महिन्याला सहाशेचं सीरम त्याच कार्डावर घेतलं, तर मुद्दल कमी होण्याऐवजी वाढेल. एवढं एक गणित स्वतःच्या स्टेटमेंटवर करून बघा. व्याजाचा दर शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतो.

आता हातासरशी तीन कामं उरका. खरेदीच्या ज्या ज्या ॲपमध्ये कार्ड साठवलंय तिथून ते काढून टाका. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर तेही काढा, नाहीतर किराणा दुकानात क्यूआर स्कॅन करताना पैसे खात्यातून गेले की कार्डावरून, हे घाईत कळत नाही. आणि ‘पे लेटर’, म्हणजे आत्ता घ्या-पैसे नंतर भरा ही सोय, बंद करा. नो-कॉस्ट ईएमआयवर सौंदर्यप्रसाधनं घ्यायचा विचारही नको. त्यात व्याज सवलतीच्या रूपात परत मिळाल्यासारखं दाखवतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते.

यापुढे अंगाला, केसाला, दाताला लागणारं सगळं रोखीने किंवा बचत खात्यातूनच घ्यायचं.

दुसरी पायरी: जे आहे ते बाहेर काढा

एखाद्या रविवारी जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि घरातलं सगळं त्यावर मांडा. फडताळातलं, कपाटातलं, ऑफिसच्या ड्रॉवरमधलं, प्रवासाच्या पाऊचमधलं. दिवाळीत भेट आलेला, अजून सेलोफेनही न फाडलेला साबणांचा डबा. हॉटेलातून आणलेल्या शांपूच्या बाटल्या. खरेदीबरोबर फुकट आलेली नमुन्याची पाकिटं. मोजणी करायला बसलं की बहुतेकांकडे दोन-तीन महिने पुरेल एवढा माल निघतो. तोवर दुकानाचं तोंड बघायची गरजच नाही.

मुदत गेलेलं बाजूला करा. छापील तारखेखेरीज उघड्या डबीचं एक छोटं चित्र असतं आणि त्यात ६ एम किंवा १२ एम लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू चांगली, असा त्याचा अर्थ. डोळ्यांना लागणारं काजळ-मस्कारा आणि सनस्क्रीन यांची मुदत गेली तर फेकाच, तिथे हळहळ नको. व्हिटॅमिन सी सीरम गडद तपकिरी झालं असेल तर त्याचा गुण बऱ्यापैकी गेला. उरलेल्यातलं जे उघडलंय ते पुढच्या कप्प्यात ठेवा. जे उघडलेलं नाही ते एका खोक्यात घालून पलंगाखाली, हाताशी नको.

एका वेळी एका प्रकारची एकच वस्तू उघडी, हा नियम इथून पुढे पाळायचा. सगळ्यात जास्त पैसे यातूनच वाचतात.

ट्यूब संपल्यासारखी वाटली की ती संपलेली नसते. शेपटीकडून दोन-तीन बोटं सोडून कात्रीने आडवी कापा. आत भिंतीला चिकटलेलं क्रीम आठ-दहा दिवस सहज पुरतं. मधोमध कापू नका. शेपटीकडून कापलं की तो कापलेला तुकडा उरलेल्या ट्यूबवर टोपीसारखा बसतो आणि क्रीम वाळत नाही. पंपाच्या बाटलीत नळी तळापर्यंत पोचत नाही, म्हणून पंप फसफसायला लागला की झाकण काढून बाटली एका पेल्यात उलटी ठेवा. शांपूत पाणी घालून पुरवायचं असेल तर त्याच दिवशी संपेल तेवढ्यातच घाला. पाणी घालून ठेवलेला शांपू काही दिवसांत खराब होऊ शकतो, कारण त्यातलं परिरक्षक, म्हणजे तो टिकवणारं द्रव्य पातळ झालेलं असतं.

तिसरी पायरी: किती दिवस पुरतं ते मोजा

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण इथेच डोळे उघडतात. नवी वस्तू उघडली की तिच्या बुडाला कागदी चिकटपट्टी लावून तारीख लिहा. संपली की दिवस मोजा. दोन महिन्यांत घरातल्या बहुतेक वस्तूंचा खप कळतो.

तोवर अंदाजासाठी ढोबळ हिशेब देते. ३० मिलीच्या सीरमच्या बाटलीत साधारण सहाशे थेंब असतात. चेहऱ्याला चार थेंब पुरतात, म्हणजे रोज एकदा लावलं तर बाटली पाच महिने चालायला हवी. ती महिन्यात संपत असेल तर तुम्ही ड्रॉपर भरभरून लावताय. आणि तीन सीरमं आलटूनपालटून लावत असाल तर एकेक बाटली वर्षभर पुरेल, पण व्हिटॅमिन सी तितकं टिकणार नाही. तीन बाटल्यांचे पैसे भरून एकीचा उपयोग.

सनस्क्रीनचं गणित बरोबर उलटं आहे. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघा, म्हणजे जवळपास एक ग्रॅम, लागतंच. ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्यात संपली तर वापर बरोबर आहे. कुणी सांगितलं की माझी ट्यूब सहा महिने जाते, तर तिथे काटकसर होत नाहीये, सनस्क्रीनच लागत नाहीये. छापलेला एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडतं ते सांगणारा आकडा, पुरेशा थरावरच मिळतो.

टूथपेस्ट जाहिरातीतल्यासारखी ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागत नाही, मोठ्या माणसालाही अर्ध्या ब्रशभर पुष्कळ झाली. शांपू आधी हातावर पाण्यात कालवून मग डोक्याला लावला तर निम्म्यात भागतं. केसाला तेल असेल त्या दिवशी हे लागू नाही, हेही मान्य.

चौथी पायरी: यादी छोटी करा, पण दात आणि त्वचा सांभाळून

कर्ज आहे म्हणून अंगाला काहीच लावायचं नाही, हा हट्ट दोन आठवडे टिकतो आणि मग एकदम दोन हजारांची ऑर्डर जाते. त्यापेक्षा थोडं ठेवा, पण ठरवून. चेहऱ्यासाठी तीन गोष्टी पुरेत: धुवायला काहीतरी सौम्य, एक मॉइश्चरायझर, आणि उन्हात जाणं असेल तर एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन. एसपीएफ ३० आणि ५० यांच्यातला फरक भावाच्या मानाने थोडा आहे. त्वचा भाजणाऱ्या किरणांची साधारण ९७ टक्के आणि ९८ टक्के अडवणूक. टोनर, एसेन्स, शीट मास्क, आय क्रीम, नाइट क्रीम यांना कर्ज फिटेपर्यंत रजा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तेलकट त्वचेला वेगळं नाइट क्रीम सहसा लागतच नाही. नागपूरच्या किंवा नाशिकच्या थंडीत अंग फुटतं, तिथे मात्र आंघोळीनंतर ओल्या अंगावर मेडिकलमधली ग्लिसरीन पाण्यात मिसळून लावा, टाचांना पेट्रोलियम जेली. दोन्ही मिळून महागड्या बॉडी लोशनपेक्षा कितीतरी स्वस्त.

अंगाला साबणाची वडी घ्या, बॉडी वॉश सोडा. वडी जास्त दिवस जाते, आणि कराचाही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबणाची वडी, शांपू, टूथपेस्ट, केसांचं तेल, टाल्कम पावडर, शेव्हिंग क्रीम यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. लिक्विड साबण, सीरम, क्रीम १८ वरच राहिले. साबण घेताना वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धांशाचं प्रमाण, बघा. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर तो ग्रेड १, ७० ला ग्रेड २, ६० ला ग्रेड ३. ‘बेदिंग बार’ लिहिलेली वडी याहून खालच्या दर्जाची असू शकते. तिचा भाव कमी दिसतो, पण ती लवकर विरघळते. साबणदाणी भोकांची हवी. पाण्यात पडलेला चांगला साबणही आठवड्यात लगदा होतो.

केसांना साधं खोबरेल. सुगंधी ‘हेअर ऑइल’च्या बाटलीपेक्षा खाद्यतेल म्हणून विकलं जाणारं खोबरेल स्वस्त पडतं. चेहऱ्याला मात्र ते सगळ्यांना मानवत नाही, मुरुमं येणाऱ्यांनी लांबच राहावं.

आता घरगुती उपायांबद्दल. बेसन-साय, मसूर डाळीचं पीठ, दिवाळीचं उटणं, हे चालतं, स्वस्तही आहे. लिंबू थेट चेहऱ्यावर चोळणं, खायचा सोडा लावणं, टूथपेस्ट मुरुमावर लावणं हे नको. त्यातून त्वचा पोळली तर डॉक्टरांचा खर्च सीरमच्या दुप्पट. आणि मैत्रिणीने सांगितलं म्हणून मेडिकलमधून गोरं करणारी वीस-तीस रुपयांची ट्यूब अजिबात आणू नका. मागे बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. आठवडाभर चेहरा छान दिसतो, पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, केस उगवतात. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात.

मुरुमं, वांग, कोंडा यांसाठी पाच वस्तू विकत घेऊन प्रयोग करत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे एकदा गेलेलं स्वस्त पडतं. मुंबईत केईएम, पुण्यात ससून अशा सार्वजनिक रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे, केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. रांग मोठी असते, सकाळी लवकर जा. ‘हेच औषध जेनेरिकमध्ये लिहून द्याल का?’ हे विचारायला लाजू नका. जनऔषधी केंद्रात औषधं तर स्वस्त मिळतातच, ‘सुविधा’ सॅनिटरी पॅडही एक रुपयाला एक मिळतं. पॅड, टूथपेस्ट आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम, या तीन गोष्टींवर कात्री चालवायची नाही.

पाचवी पायरी: दुकानात

पाकिटावर एमआरपीच्या जवळ आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली भाव छापलेला असतो. तो बघायची सवय लागली की पुष्कळ भ्रम फिटतात. मोठी बाटली नेहमी स्वस्त, हा त्यातला पहिला. आपल्याकडे शांपूच्या अनेक ब्रँडांमध्ये एक-दोन रुपयांची पुडी बाटलीपेक्षा प्रति मिली स्वस्त पडते. शिवाय पुडीने मापही आपोआप राहतं. प्लास्टिकचा कचरा वाढतो हे खरं, त्याचा विचार ज्याने त्याने करावा. हँडवॉशला रिफिल पाऊच घ्या.

वाणसामानाच्या यादीतच साबण-टूथपेस्ट लिहा आणि महिन्यातून एकदाच आणा. दहा मिनिटांत घरपोच आणणाऱ्या ॲपवरून एक फेसवॉश मागवला की डिलिव्हरी, हँडलिंग असे आकार लागतात आणि ते चुकवायला आपण टोपलीत आणखी दोनशेचं काहीतरी टाकतो. नोव्हेंबरमधले मोठे सेल याच सापळ्यात पकडतात: ‘दोनवर एक फुकट’. वर्षभर पुरेल एवढं मॉइश्चरायझर घरात असताना तिसरं फुकट असलं तरी पहिल्या दोनचे पैसे गेलेच. सेलच्या आठवड्यात ॲपच्या सूचना बंद ठेवा. घ्यायचंच असेल तर खोक्यातली शेवटची वस्तू उघडलेली असली पाहिजे.

क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा पुण्याच्या बोहरी आळीत भाव कमी मिळतो. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलाय का बघा. काहीच नसेल तर ठेवून द्या, चेहऱ्याला लावायची वस्तू आहे.

पार्लरचं एकच सांगते. थ्रेडिंग चालू द्या. फेशियलची आगाऊ पैसे भरलेली पॅकेजं घेऊ नका, कारण पॅकेज संपवायला म्हणून जास्त फेऱ्या होतात. मुलांनाही हे लागू आहे, दाढीचं तेल आणि डिओच्या तीन बाटल्या फ्लॅटवर रांगेत उभ्या असतातच. दाढीनंतर तुरटीचा खडा फिरवा, एक खडा वर्ष जातो.

सहावी पायरी: वाचलेले पैसे त्याच दिवशी कार्डात

बहुतेकांची गाडी इथे अडते. खर्च कमी होतो, पण पैसे खात्यात पडून राहतात आणि दुसऱ्याच कशात तरी जातात. म्हणून पगार झाला त्या दिवशी, वाणसामानाआधी, कार्डात जास्तीची रक्कम भरा. ड्यू डेटची वाट बघू नका, व्याज रोजच्या बाकीवर धरलं जातं.

त्या पुण्याच्या मुलीचाच हिशेब पुढे नेऊ. फेसवॉश, सीरम, सनस्क्रीन, बॉडी वॉश, केसांचं तीन प्रकारचं सामान, परफ्यूम आणि पार्लर मिळून तिचे महिन्याला साडेतीन हजार जात होते. वरचं सगळं केल्यावर हजारात भागतं. उरलेले २,५०० तिने कार्डात टाकले, म्हणजे आता ३,००० ऐवजी ५,५००. पहिल्याच महिन्यात मुद्दल ५२२ ऐवजी ३,०२२ ने उतरतं. ४३ महिन्यांचं कर्ज १५ महिन्यांत संपतं, आणि एकूण भरणा सुमारे १,२९,००० वरून ८१,००० च्या आसपास येतो.

कार्डाबरोबर पतसंस्थेचं किंवा सोन्यावरचं कर्जही असेल तर जास्त व्याजाचं आधी फेडा, बाकीच्यांचे हप्ते वेळेवर जाऊ द्या. बँकेला फोन करून कार्डाची बाकी कमी दराच्या हप्त्यांत बदलून मिळते का तेही विचारा; मिळाली तर प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडण्याचा आकार धरूनच तुलना करा.

फ्लॅटमधल्या बाकीच्या दोघींना सांगून ठेवा. तिघींत मिळून एक हँडवॉश, एक टूथपेस्ट, एक खोबरेल असं चालतं का बघा. टॉवेल, वस्तरा आणि काजळ मात्र ज्याचं त्याचं. घरी आई विचारेल, ‘अगं, एवढी काटकसर कशाला?’ तिला कर्जाचा आकडा सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. दिवाळीला भेट काय आणू असं कुणी विचारलं तर संकोच न करता सनस्क्रीनचं नाव सांगा, एसपीएफसकट.